ज्याच्या नावानं घेतलं

हॉटेलच्या बिलाखाली शेवटी एकच आकडा असतो, पण त्यात तिघांचे पैसे असतात. जेवणाचे पैसे मालकाचे. कराचे पैसे सरकारचे, म्हणजे आपल्या सगळ्यांचे. आणि जिथं सर्व्हिस चार्ज लावतात तिथं ते पैसे वाढणाऱ्याच्या नावानं घेतलेले. मालक पहिल्या पैशाचा धनी असतो. उरलेल्या दोन्हींचा त्यानं फक्त सांभाळ करायचा असतो. गल्ला मात्र एकच, आणि नोट एकदा गल्ल्यात पडली की ती कुणाची हे तिच्यावर लिहिलेलं नसतं.

मी कोरेगाव भीमाला राहतो आणि नगर रोडवरच्या लहान धंद्यांचे हिशेब लिहितो, विवरणपत्रं भरतो. त्यांत सणसवाडीच्या कंपन्यांतल्या कामगारांवर चालणाऱ्या खानावळी आहेत, चहा-नाष्ट्याची हॉटेलं आहेत, रात्री उशिरापर्यंत ट्रकवाल्यांसाठी उघडे असणारे ढाबे आहेत. या कामामुळे घरच्यांत आणि मित्रांत माझी एक ओळख झाली. बाहेर जेवायला गेलो की बिलाचं पाकीट माझ्याकडे सरकतं. "बघ जरा, बरोबर लावलंय का." मी बघतो. जास्त लावलेलं काही सापडलं की काउंटरवर जाऊन काढून घेतो, आणि टेबलावर माझं कौतुक होतं.

हल्ली ते कौतुक मला टोचतं. कारण बिल तपासताना मी एकाच बाजूनं तपासत आलो. माझ्याकडून जादा काय घेतलं, एवढंच. माझ्या हातून कुणाला काय पोचायला हवं होतं आणि पोचलं नाही, माझ्या डोळ्यांदेखत कुणाचं कुणाकडे राहिलं, ही बाजू मी तपासली नाही. आज ती तपासायला बसलोय.

आधी हिशेब मांडतो, कारण हिशेब न मांडता घेतलेली झडती पोकळ असते. साध्या हॉटेलात जेवणावर जीएसटी ५ टक्के. अडीच केंद्राचा, अडीच राज्याचा. १५ नोव्हेंबर २०१७ पासून हाच दर आहे. त्याआधीचे साडेचार महिने, म्हणजे १ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हापासून, साध्या हॉटेलात १२ आणि वातानुकूलित हॉटेलात १८ टक्के होते. लोक फार चिडले, गुवाहाटीच्या बैठकीत जीएसटी परिषदेनं दर ५ वर आणला. पण त्याबदल्यात हॉटेलवाल्यांची आधी भरलेला कर वळता करून घेण्याची सोय काढून घेतली. म्हणून आज हॉटेलवाला व्यावसायिक गॅसच्या टाकीवर १८ टक्के कर देतो, जागेच्या भाड्यावर देतो, आणि त्यातलं काही परत मिळत नाही. हे मी मालकांच्या बाजूनं सांगतोय. त्यांचं ओझं खरं आहे.

जीएसटीच्या आधीचं बिल तर आज कुणाला समजावूनही सांगता येत नाही. जेवण वाढणं ही विक्री की सेवा, यावर या देशात मोठा वाद झाला. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की हॉटेलात गिऱ्हाइकाला जेवू घालणं ही मालाची विक्री नव्हे, म्हणून त्यावर विक्रीकर नाही. मग १९८२ मध्ये ४६वी घटनादुरुस्ती झाली आणि राज्यांना तो कर घेता येऊ लागला. पुढे २०११ मध्ये केंद्राला त्याच ताटात सेवाही दिसली आणि थंड हवेच्या, दारूचा परवाना असलेल्या हॉटेलांवर सेवा कर बसला. दोन वर्षांत तो सगळ्याच वातानुकूलित हॉटेलांना लागू झाला. बिलाच्या ४० टक्के रकमेला सेवा धरायचं आणि त्यावर कर घ्यायचा, असा तो हिशेब होता. राज्याचा व्हॅट वेगळाच. एका ताटाचे दोन वाटेकरी, आणि दोघांच्या वाट्याची बेरीज शंभराच्या वर. त्यात हॉटेलवाला आपला सर्व्हिस चार्ज लावी. सर्व्हिस टॅक्स आणि सर्व्हिस चार्ज या दोन ओळी खालीवर छापलेल्या असत, आणि गिऱ्हाइकाला दोन्ही सरकारच्याच वाटत. एक दिल्लीच्या तिजोरीत जात होती, दुसरी गल्ल्यातच राहत होती. सेवा कर २०१७ ला गेला. दुसरी ओळ अजून आहे, आणि ती सरकारची आहे असं अजूनही कितीतरी लोकांना वाटतं.

माझ्या कामातला अवघड भाग याच्या पुढचा आहे. लहान हॉटेलवाल्यांसाठी कायद्यात एक सोय आहे, आम्ही तिला कंपोझिशन म्हणतो. वर्षाची उलाढाल दीड कोटीच्या आत असेल आणि दारू विकत नसेल, तर हॉटेलवाल्यानं आपल्या उलाढालीवर ५ टक्के स्वतः भरायचे, महिन्याच्या विवरणपत्रांतून सुटका, तिमाहीला एक छोटं विवरण. अट एवढीच की गिऱ्हाइकाकडून कर म्हणून एक पैसाही घ्यायचा नाही. बिलावर तसं छापायचं, आणि दिसेल अशा जागी पाटी लावायची की आम्ही कंपोझिशनमधले आहोत. वीस लाखांच्या आत उलाढाल असेल तर नोंदणीच लागत नाही, आणि नोंदणी नसलेल्यानंही कराच्या नावानं काही घ्यायचं नाही. वीस लाख हा आकडा ऐकायला मोठा वाटतो. दिवसाला भागला तर ५,४८० च्या आसपास येतो. १२० रुपयांची थाळी धरली तर दिवसाला पंचेचाळीस-सेहेचाळीस ताटं. सणसवाडीत शिफ्ट सुटल्यावर एवढी ताटं तासा-दीड तासात उठतात. म्हणून या रस्त्यावरच्या बहुतेक चालत्या खानावळी त्या वीस लाखांच्या पुढच्या आणि दीड कोटीच्या आतल्या.

अशा एका खानावळीचे हिशेब माझ्याकडे आहेत. मालक कष्टाळू माणूस आहे, पहाटे स्वतः भाजी आणायला जातो. एकदा तिथंच जेवलो आणि सवयीनं बिल पाहिलं. थाळी १२०. खाली सीजीएसटी ३, एसजीएसटी ३. एकूण १२६. खानावळ कंपोझिशनमधली, तो अर्ज मीच भरला होता. बिलाचं यंत्र विकणाऱ्यानं ओळी बसवून दिल्या होत्या आणि त्या तशाच चालू होत्या. मी मालकाला म्हणालो, "दादा, हे तुम्हाला घेता येत नाही." ते म्हणाले, "भाऊ, सरकारला पाच टक्के मी भरतोय ना? शेजारचा गिऱ्हाइकाकडून घेऊन भरतो, मी पण घेऊन भरतो. मग बिघडलं कुठं?"

मी तेव्हा काही बोललो नाही. बोललो नाही कारण त्यांचं म्हणणं मला अर्धं पटलं होतं, आणि ते अर्धं पटणं माझ्या सोयीचं होतं.

आज तो प्रश्न सोडवून बघतो. शेजारचा नियमित नोंदणीतला हॉटेलवालाही ५ टक्केच भरतो, त्यालाही वळतं काही मिळत नाही. म्हणजे सरकारच्या दृष्टीनं दोघांकडून सारखंच येतं. आमच्या मालकानं उद्या पाटीवर थाळी १२६ लिहिली आणि बिलातून कराच्या ओळी काढल्या, तर गिऱ्हाईक तेवढेच पैसे देईल आणि सगळं कायद्यात बसेल. मग १२० अधिक ६ मध्ये गुन्हा तो काय? बरेच दिवस मला याचं उत्तर नीट देता येत नव्हतं. आता देता येतं.

पाटीवरचा १२० हा आकडा बघून माणूस आत आला. शेजारी १२५ आहे आणि त्यात सगळं आलं, हे बघून तो तिथं गेला नाही. शेजाऱ्यानं खरं लिहिलं म्हणून त्याचं गिऱ्हाईक गेलं. हे एक. पण त्याहून मोठी गोष्ट ही, की आत आलेला माणूस त्या ६ रुपयांबद्दल विचारत नाही. बिहारहून किंवा मराठवाड्यातून आलेला कंत्राटी कामगार थाळी तीन रुपयांनी महागली तर मालकाला दोन शब्द सुनावतो. मी ऐकलं आहे. भाजीत पाणी जास्त झालं तर सुनावतो. सीजीएसटी अक्षरं दिसली की गप्प बसतो. ते सरकारचं आहे, ते द्यायचंच असतं, एवढं त्याला माहीत असतं. सरकारच्या नावावर त्याचा तो विश्वास आहे, आणि मालकानं ते ६ रुपये थाळीच्या चवीवर मिळवलेले नाहीत, त्या विश्वासावर मिळवलेले आहेत. दोन वेळ जेवणाऱ्याचे महिन्याला ३६० रुपये होतात. त्याच्या एका दिवसाच्या हजेरीचा मोठा भाग.

आणि "मी भरतोय ना" हे कितपत खरं? मालक मला तिमाहीला एक आकडा सांगतात. "एवढा धंदा झाला, भाऊ." मी त्यावर ५ टक्के काढतो, चलन करतो, सीएमपी-०८ म्हणजे ते तिमाहीचं विवरण भरतो. यंत्रात प्रत्येक बिलाची नोंद असते, तारीखवार बेरीज असते. एक बटण दाबलं की कागद बाहेर येतो. तो कागद मी कधी मागितला नाही. मागितला असता तर उत्तर मिळालं असतं, म्हणून मागितला नाही. कर प्रत्येक ताटावर घेतला गेला असेल आणि भरला मात्र सांगितलेल्या आकड्यावर गेला असेल, तर मधला फरक हा कुणाचा नफा नाही. ती दुसऱ्याची ठेव आहे, आणि ती ठेव ज्या कागदावर लपली त्या कागदाचा लेखक मी आहे. सही मालकाची असते, हे मी स्वतःला सांगत आलो. हिशेब लिहिणाऱ्याला हे सांगणं शोभत नाही. सहीच्या वरचा सगळा मजकूर माझ्या हातचा असतो.

मी गप्प का राहिलो याची कारणं शोधली तर ती मोठी नाहीत. महिन्याचे जे काही पैसे मला त्या कामाचे मिळतात ते गेले असते. मालक चौकात दहा जणांना म्हणाले असते की हा माणूस फार विचारतो. शिक्रापूरपासून वाघोलीपर्यंत हिशेब लिहिणारे पुष्कळ आहेत. भीती एवढीच होती. तिला मी आजवर व्यवहार हे नाव दिलं होतं.

इथं मला आमच्या गावाबद्दल बोलल्याशिवाय पुढे जाता येत नाही. भीमेपलीकडे पेरण्याच्या हद्दीत जयस्तंभ आहे. १ जानेवारी १८१८ च्या लढाईत पडलेल्यांची नावं त्यावर आहेत. १ जानेवारी १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथं येऊन गेले. दर वर्षी त्या दिवशी लाखो माणसं येतात. ज्या काळात बाबासाहेब आले, त्या काळात या मुलुखातल्या हॉटेलांत आलेल्या सगळ्यांना आत बसून चहा मिळत नव्हता. काहींची कपबशी बाहेर वेगळी ठेवलेली असे आणि ती त्यांनी स्वतः धुवून ठेवायची असे. पैसे मात्र सारखेच घेतले जात. राज्यघटनेच्या पंधराव्या अनुच्छेदात दुकानं आणि सार्वजनिक उपाहारगृहं यांची नावं घेऊन लिहिलं आहे की तिथं कुणालाही जात, धर्म, लिंग, जन्मस्थान यांवरून अडवता येणार नाही. राष्ट्राच्या मूळ कायद्यात हॉटेलचा उल्लेख करावा लागला, एवढं त्या टेबलापाशी काही घडत होतं.

हे मला कराच्या संदर्भात आठवतं ते यासाठी. आमच्यासारख्यांच्या तोंडी एक वाक्य नेहमी असतं: कर आम्ही भरायचा आणि फुकट त्यांनी खायचं. मीही ते म्हटलं आहे, लग्नाच्या पंगतीत, एसटीच्या थांब्यावर, सहज. ज्याच्याबद्दल म्हणतो तो माणूस खानावळीत बसून प्रत्येक थाळीवर माझ्याच दरानं कर देतो. मी मोठा म्हणून माझ्या ताटावर जास्त नाही, तो गरीब म्हणून त्याच्या ताटावर कमी नाही. उलट मिळकतीच्या मानानं त्याचा वाटा माझ्याहून जड पडतो. तो साबणावर देतो, चपलेवर देतो, गावाकडे फोन करायच्या रिचार्जवर १८ टक्के देतो. आणि त्यानं दिलेला कर वाटेत अडला असेल तर तो माझ्यासारख्याच्या लिखापढीत अडला. तेव्हा त्या वाक्यातलं "आम्ही" मला यापुढे उच्चारता येणार नाही.

सर्व्हिस चार्जचं माझं प्रकरण वेगळ्या जागचं आहे. कोरेगाव भीमाच्या हॉटेलांत तो सहसा कुणी लावत नाही. वाढदिवस असला, पाहुणे आले की आम्ही विमाननगर-कल्याणीनगरकडे जातो, तिथं तो भेटतो. अशाच एका हॉटेलात जेवण २,४०० चं झालं. वर दहा टक्के सर्व्हिस चार्ज २४०, आणि दोन्हींच्या बेरजेवर ५ टक्के जीएसटी १३२. एकूण २,७७२. मला नियम पाठ होते. ४ जुलै २०२२ ला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं मार्गदर्शक सूचना काढल्या: सर्व्हिस चार्ज आपोआप लावायचा नाही, दुसऱ्या नावानं घ्यायचा नाही, सक्ती करायची नाही, तो दिला नाही म्हणून कुणाला अडवायचं नाही, आणि तो बिलात मिसळून वर जीएसटी लावायचा नाही. हॉटेलांच्या दोन संघटना न्यायालयात गेल्या, काही काळ स्थगिती होती; २८ मार्च २०२५ ला दिल्ली उच्च न्यायालयानं सूचना वैध ठरवल्या आणि दोन्ही संघटनांना प्रत्येकी एक लाखाचा खर्च बसवला. संघटनांनी पुढे अपील केलं. मी काउंटरवर गेलो, व्यवस्थापकानं वाद घातला नाही, नवं बिल २,५२० चं आलं. २५२ रुपये वाचले.

गाडीत बसल्यावर बायको म्हणाली, "अहो, त्या पोराला काही ठेवलंत का?"

नव्हतं ठेवलं. पोरगा चुणचुणीत होता, आमच्या आईला तिखट चालत नाही हे एकदा ऐकून त्यानं आठवणीनं तिची भाजी वेगळी आणली होती. मी तिला सांगितलं की तत्त्वाचा प्रश्न होता, तो पैसा त्या पोराला मिळतच नाही, मालक ठेवून घेतो. बोलता बोलताच लक्षात आलं की त्या हॉटेलात तो कुणाला मिळतो हे मला माहीत नाही. मी विचारलंच नव्हतं. हॉटेलवाल्यांचं न्यायालयातलं म्हणणं असं होतं की सर्व्हिस चार्ज सगळ्या कर्मचाऱ्यांत वाटला जातो, आतल्यांतही. टीप मात्र समोर येणाऱ्याच्याच हाती पडते. यात काही तथ्य असू शकतं. मोरीवर भांडी घासणारी बाई कुठल्याच गिऱ्हाइकाला दिसत नाही, तिच्या हातावर कोण वीस रुपये ठेवणार? आणि उलटही असू शकतं, की २४० मधले दोनशे गल्ल्यातच राहतात. जो विचारतो त्यालाच कळेल. मी पैसे वाचवण्यापुरता ग्राहक होतो, विचारण्यापुरता नव्हतो.

न्यायालयाचा निकाल मला आजही योग्य वाटतो. वाढणाऱ्याचं नाव पुढे करून गिऱ्हाइकाकडून सक्तीनं घ्यायचं आणि त्याच्या पगाराची जबाबदारी मालकानं टाळायची, हे बरोबर नाही. पगार मालकानं द्यावा, तो पदार्थाच्या किमतीत धरावा, किंमत उघड लिहावी. पण त्या निकालानं टीप बंद केली नव्हती. ती गिऱ्हाइकाच्या खुशीवर सोपवली होती. खुशीवर सोपवलेली गोष्ट मी नियमाच्या आड लपवली. तत्त्व आणि खिसा त्या रात्री एकाच बाजूला होते. अशा वेळी आपण तत्त्वासाठी उभे राहिलो असं वाटतं ते तपासून घ्यायला हवं. दोन्ही दोन बाजूंना ओढत असतात तेव्हा आपण कुणाबरोबर गेलो, तिथं खरं कळतं.

ती वेळही माझ्यावर येऊन गेली आहे. घराची वरची खोली बांधली तेव्हा फरशी घ्यायला गेलो. दुकानदारानं विचारलं, "बिल करायचं का? बिलानं घेतलं तर अठरा टक्के वर जातील." हा प्रश्न आपल्याकडे इतक्या सहज विचारतात की त्यात काही विचारलं आहे असंही वाटत नाही. मी रोखीनं घेतली, बिलाशिवाय. तेव्हा मला कुठलं कलम आठवलं नाही. जो माणूस हॉटेलात २४० रुपयांसाठी प्राधिकरणाच्या सूचना तारखेसकट सांगतो, तो फरशीच्या दुकानात अडाणी झाला. हॉटेलात मी मालकाला म्हणत होतो की जे तुझं नाही ते घेऊ नकोस. फरशीच्या दुकानात मी जे माझं नव्हतं ते देण्याचंच टाळलं, आणि दुकानदार त्यात माझा भागीदार झाला. खानावळीच्या मालकाला मी कोणत्या तोंडानं सांगणार होतो? त्या दिवशी मी गप्प राहिलो त्यात हेही होतं, असं आता दिसतं.

यातून निघायला काय करावं, हे एका बाजूला कायद्यात स्पष्ट आहे. जीएसटी कायद्याचं ७६वं कलम सांगतं की कराच्या नावानं जी रक्कम गोळा केली ती सरकारात भरलीच पाहिजे, मग ती घ्यायला परवानगी होती की नव्हती हा प्रश्न वेगळा. ज्या कामगारांनी ते सहा-सहा रुपये दिले ते आता सापडणार नाहीत. काही कंपनी बदलून चाकणला गेले असतील, काही गावी परतले असतील. त्यांना परत देता येत नाही म्हणून ते मालकाचे होत नाहीत. यंत्रातल्या दोन ओळी काढायला तंत्रज्ञाला दहा मिनिटं लागतील. पाटी लिहायला फार तर दोनशे रुपये. थाळी १२६ करायची तर उघड १२६ करावी, गिऱ्हाईक सुनावेल, सुनावू दे. तो त्याचा हक्क आहे आणि कराच्या ओळीमागे तो हक्क दडपला गेला होता. किंवा मालकाला गिऱ्हाइकाकडून कर घ्यायचाच असेल तर कंपोझिशन सोडून नियमित नोंदणीत यावं, महिन्याची विवरणपत्रं भरावीत. ते काम वाढेल. ते मी करीन, आणि पहिलं वर्ष त्याचे जादा पैसे घेणार नाही. ही मेहरबानी नव्हे. दोन ओळी छापल्या जात असताना मी जे पैसे घेतले त्यांची ती फेड आहे.

हॉटेलात गेल्यावर काय करायचं तेही ठरवलं आहे. सर्व्हिस चार्ज आपोआप लागला असेल तर काढायला सांगेन, आणि तेवढीच रक्कम, जेवण वाढणं नीट असेल तर, टीप म्हणून ठेवीन. वाढणाऱ्याला विचारेन की आत भांड्यांवर कोण आहे, त्यांना यातलं जातं का. नातेवाईक हसतील की मग काढायला कशाला सांगितलं. मला तो फरक आता समजावून सांगता येईल. बिलावर जीएसटीचा नंबर असतो, महाराष्ट्रात २७ नं सुरू होणारा, पंधरा अक्षरांचा. तो जीएसटीच्या संकेतस्थळावर टाकला की हॉटेल नियमित आहे की कंपोझिशनमधलं, हे कुणालाही फोनवर दिसतं. हे मी आमच्या भागातल्या खानावळींत जेवायला येणाऱ्या कंपनीतल्या पोरांना शिकवायला हवं होतं. त्यांच्यातल्या प्रत्येकाच्या हातात फोन आहे. मी शिकवलं नाही कारण त्यांनी पहिला नंबर तपासला असता तो माझ्याच पक्षकाराचा.

फरशीचं काय करायचं हे मात्र मला सुचलेलं नाही. दुकानदाराचा कर गिऱ्हाइकानं परस्पर भरायची सोय नाही, आणि त्याला आज बिल कर म्हणालो तर तो जुन्या मालाचं नवं बिल करणार नाही. तेवढी रक्कम कुठल्या चांगल्या कामाला देऊन टाकावी असं मनात आलं होतं. पण कर देण्याच्या जागी दान ठेवलं तर मी पुन्हा माझ्या सोयीचं खातं उघडतोय असं वाटतं. दान केलं की लोक नाव घेतात, कर दिला की कुणी घेत नाही. ती बाकी वहीत उघडी ठेवली आहे.

काल संध्याकाळी खानावळीत गेलो. मालक गल्ल्यावर होते, शिफ्ट सुटायला थोडा वेळ होता. मी म्हणालो, "दादा, या तिमाहीला मला यंत्रातून निघालेला कागद लागेल. तोंडी आकड्यावर मी भरणार नाही." ते बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "इतकी वर्षं चाललं की, भाऊ." मी म्हणालो, "चाललं, कारण मी मागितला नाही." त्यांनी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. पोराला हाक मारून मला चहा द्यायला सांगितला.

तिमाहीचं विवरण १८ तारखेच्या आत भरायचं असतं. कागद आला तर त्यातल्या आकड्यावर भरीन, आणि कराच्या नावानं जे जादा घेतलं गेलं त्याचंही चलन त्यांच्याकडून करून घेईन. नाही आला तर हे काम माझ्याकडून जाईल. ज्याच्याकडे जाईल तो कदाचित कागद न मागता भरून देईल, हेही मला ठाऊक आहे. तरी मी कागद मागितला आहे, आणि बाकीच्या हॉटेलवाल्यांकडेही याच आठवड्यात मागणार आहे.